आमच्या घरातला 'स'

ब्लूमा झारेत्स्की फार मोठी नटी नव्हती. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली; न्यूयॉर्कमध्ये त्या भाषेत नाटकं करणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, फक्त ब्लूमाला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. थोरल्या नट्या आजारी पडल्या की त्यांच्या भूमिका तिच्याकडे यायच्या आणि त्या बऱ्या झाल्या की परत जायच्या. मधल्या काळात ती डेट्रॉइट, क्लीव्हलंड, माँट्रियल असे दौरे करायची. तिकडच्या लोकांना थोरल्या नट्या बघायलाच मिळत नसत, त्यामुळे त्यांच्या लेखी हीच थोरली. ब्लूमाने स्वतःची उंची कायम माँट्रियलच्या फुटपट्टीने मोजली.

आता ती शहात्तर वर्षांची होती. ब्राँक्समध्ये चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची आणि खाली पाव आणायला जायचं तरी ओठ रंगवून, टोपी घालून निघायची. जिना ती उतरत नसे, प्रवेश करत असे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तिला 'मादाम' म्हणायचा. पलीकडच्या गल्लीतल्या बेकरीत पाव जास्त चांगला मिळे, पण तिथला माणूस नुसतं 'काय देऊ' म्हणायचा, म्हणून ती तिथे जात नसे.

तिला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे उभ्या आयुष्यात तिने प्रॉम्प्टरच्या पेटीतून एकही शब्द घेतला नव्हता. त्या काळी आठवड्याला नवं नाटक लागायचं. भले भले नट नक्कल, म्हणजे संवादांची वही, अर्धवट पाठ करून उभे राहायचे आणि पायदिव्यांच्या मधोमध जी झाकणाची खोबण असते, तिच्याकडे कान लावून बोलायचे. ब्लूमा कधीच नाही. आणि त्या पेटीत बसणारा माणूस तिचा सख्खा नवरा होता, तरीही नाही. "मेयर घरात माझा नवरा," ती म्हणायची, "स्टेजवर मी विधवा."

दुसरी गोष्ट म्हणजे तिचे उच्चार. ती युक्रेनकडच्या व्होलिन प्रांतातली, आणि यिडिश रंगभूमीवर जी बोली शुद्ध मानत ती साधारण तिच्याच मुलखाची. मेयर मात्र लिटवाक. लिटवाक म्हणजे लिथुआनियाकडचे ज्यू. ब्लूमाच्या मते हुशार, कोरडे आणि माशात नुसती मिरी टाकून वर चव विचारणारे लोक. मेयरच्या गावाकडच्या जिभांना 'श' वळत नसे. जिथे 'श' हवा तिथे 'स' यायचा. 'शा' म्हणजे गप, शांत. मेयर म्हणे 'सा'. 'श्लोफ' म्हणजे झोप; तो म्हणे 'स्लोफ'. पेटीतून तो कुजबुजायला लागला की पहिल्या रांगेला वाटायचं, खाली कुठेतरी वाफेचा नळ गळतोय. नट मंडळी त्याचा 'स' कानात घ्यायची आणि तोंडातून 'श' काढायची. घरी ब्लूमा त्याची रोज नक्कल करायची. मेयर हसायचा. तो फार बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्यांचे शब्द दिवसभर पुरवून त्याच्याकडे स्वतःचे फारसे उरत नसावेत.

त्यांची एकुलती एक मुलगी लीबे त्या पेटीतच वाढली. आई वर प्रकाशात, बाप खाली अंधारात, आणि त्याच्या गुडघ्याला टेकून ही. नाटकं तिला पाठ झाली ती बापाच्या कुजबुजीतून. त्यामुळे तिची यिडिश पेटीतली यिडिश होती. हळू आवाजाची आणि 'स'ची.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी ब्लूमा जन्मभर सांगत आली.

लीबे नऊ वर्षांची असताना एका नाटकात लहान मुलाचं काम करणारी पोरगी ऐन वेळी गोवर येऊन पडली, म्हणून लीबेला उभं केलं. पहिल्या अंकाच्या शेवटी ते मूल रडून दमलेल्या आईच्या कपाळावर हात ठेवून म्हणतं, "शा, मामे, श्लोफ." शांत हो, आई, झोप. आणि पुढे शेवटच्या अंकात, म्हातारी आणि आंधळी झालेली आई मुलाच्या रिकाम्या खाटेशी बसून तेच शब्द त्याला परत देते. सगळं नाटक त्या तीन शब्दांवर उभं होतं. अख्खं थिएटर रुमाल काढून तयार बसलं होतं. लीबेने कपाळावर हात ठेवला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "सा, मामे, स्लोफ."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक अख्खी रांग. हसू पसरलं की नाटक गेलं, हे आईचं काम करणाऱ्या ब्लूमाला कळत होतं. ती उठून बसली, प्रेक्षकांकडे वळली आणि हात पसरून म्हणाली, "बघा लोकहो, बापाचं पोर! मी याला चांगला 'श' देऊन पाठवलं होतं, यानं अमेरिकेला येताना बोटीवरून समुद्रात पाडला!"

थिएटर कोसळलं. टाळ्या थांबेनात. नाटक वाचलं, एवढंच नाही, त्या आठवड्यात तिकिटं मिळेनाशी झाली. लोक तो विनोद ऐकायला यायचे. पण मुलाचं काम दुसऱ्या रात्रीपासून दुसऱ्याच पोरीने, मुद्दाम 'स' म्हणून, केलं. लीबे मागच्या खोलीतल्या कपड्यांच्या पेटाऱ्यात झाकण आतून धरून बसली होती आणि ती बाहेर आली नाही.

हा शेवटचा भाग ब्लूमा गोष्टीत सांगत नसे. तिला तो गोष्टीचा भागच वाटत नव्हता.

लीबे पुढे लिलियन झाली. न्यूयॉर्कच्या शाळांत शिक्षिका व्हायचं तर तेव्हा तोंडी परीक्षा द्यावी लागे, आणि जिभेला जराही बाहेरचा वास आला की नापास करत. लीबे महिनोन्महिने न्हाणीघराचं दार लावून आरशासमोर उच्चार घोटत बसायची. ब्लूमा दाराबाहेर उभी राहून ऐकायची. आपली पोर आपली भाषा साबणाने धुऊन काढते आहे, असं तिला वाटायचं. लीबे पहिल्या फटक्यात पास झाली. क्वीन्समधल्या शाळेत ती बोबड्या, अडखळणाऱ्या मुलांची जीभ सरळ करायची, आणि त्यात तिचं नाव होतं. ब्लूमा मात्र ओळखीच्यांना सांगायची, "माझी लेक इंग्रजी शिकवते. इंग्रज लोकांना."

मेयर गेल्यावर दोघींमधलं बोलणं घरातल्या सामानासारखं झालं. जागच्या जागी, कामापुरतं. लीबे इंग्रजीत बोले, ब्लूमा यिडिशमध्ये उत्तर देई. दर शुक्रवारी लीबे यायची, फ्रीज भरायची, औषधं तपासायची आणि कोट न काढता निघून जायची.

त्या हिवाळ्यात पोमरान्झ आला. लेमल पोमरान्झ, एके काळचा विनोदी नट, आता उरल्यासुरल्या मंडळींचा मॅनेजर. कामगारांच्या मंडळाचा जुना हॉल विकला गेला होता. तिथे फर्निचरचं दुकान होणार होतं. त्याआधी एका रविवारी दुपारी शेवटचा कार्यक्रम करायचा, आणि त्यात मादाम झारेत्स्कींनी त्या तीन शब्दांच्या नाटकाचा शेवटचा अंक करावा, अशी सगळ्यांची इच्छा होती. सगळ्यांची म्हणजे पोमरान्झची, कारण बाकीच्या थोरल्या नट्या आता देवाघरी होत्या.

ब्लूमाने विचार करायला वेळ मागितला, आणि तो दाराबाहेर पडायच्या आत हो म्हणून मोकळी झाली.

मग ती आरशासमोर उभी राहिली आणि अंक म्हणायला लागली. मधेच शब्द संपले. म्हणजे ते पुढे होते, तिला माहीत होतं, पण जिन्यावरचा दिवा गेल्यावर पायरी सापडू नये तसं पाऊल नुसतंच खाली जात होतं. हे अलीकडे होत होतं. दुकानात, फोनवर. शेजारणीसमोर झालं तर ती खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि बाहेर पाहायची. शेजारीण नंतर म्हणायची, मादामचं गप्प राहणंसुद्धा किती बोलकं असतं. पण अख्ख्या अंकात किती वेळा खिडकीशी जाणार? आणि त्या अंकात खिडकी नव्हतीच.

तिला पेटीत माणूस हवा होता. असा माणूस, जो यिडिश लिपीतली, उजवीकडून डावीकडे जाणारी ती जुनी नक्कल वाचू शकेल, आणि जो कुणाला सांगणार नाही. शोधायला गेलं तर अख्ख्या शहरात असं एकच माणूस होतं.

शुक्रवारी लीबे फ्रीजमध्ये अंडी रचत असताना ब्लूमा सहज म्हणाली, "पोमरान्झला प्रॉम्प्टर हवाय."

"पोमरान्झला कशाला?"

"रीत असते. पेटी रिकामी दिसली तर लोक काय म्हणतील."

लीबेने फ्रीजचं दार लावलं. "मामे, परवा चहाचं भांडं जळून कोळसा झालं. आणि मागच्या शुक्रवारी तू मला विचारलंस, मेयर जेवायला थांबणार आहे का."

"थट्टा केली."

"बरं."

"थट्टा कळायला अक्कल लागते. तुझ्या बापालाही कळायची नाही."

लीबेने कोटाची बटणं लावली. मग ती खुर्चीवर बसली, कोटासकटच. येईन म्हणाली. तालमीला येईन, रविवारी येईन, पेटीत बसेन, आणि तू अडकलीस हे कुणाला सांगणार नाही. फक्त एक अट. ती गोष्ट पुन्हा कधी सांगायची नाही.

"कुठली गोष्ट?"

"तुला माहितेय."

ब्लूमाला खरोखर क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तिला राग आला. तिची सगळ्यात चांगली गोष्ट! माणसं जेवणं थांबवून ऐकायची ती गोष्ट. त्यात वाईट काय आहे? त्या दिवशी तिने नाटक वाचवलं होतं. आणि एवढं मनाला लावून घ्यायला झालं काय, शेवटी लीबेने तिची भाषाच टाकून दिली ना? न्हाणीघरात बसून रात्रंदिवस इंग्रजी घोकलं ना?

"इंग्रजी?" लीबे म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. शाळेत पोरांशी बोलताना असतो तसाच होता. "मामे, इंग्रजी मला येत होतं. मी तिथे 'श' शिकत होते."

ब्लूमाने चहाच्या ग्लासात चमचा बराच वेळ फिरवला. साखर तिने घातलीच नव्हती. ती खडा दातात धरून प्यायची.

"नाही सांगणार," ती शेवटी म्हणाली. "माझ्याकडे दुसऱ्या गोष्टी आहेत."

घरातल्या तालमी बऱ्या झाल्या. लीबे आईकडे पाठ करून उभी राहायची, खिडकीकडे तोंड करून, म्हणजे आईला तिच्याकडे बघावं लागू नये. ब्लूमा अडकली की पुढचं पूर्ण वाक्य नाही, पहिला शब्द फक्त, श्वासावर ठेवून द्यायची. अगदी मेयरसारखं. फरक इतकाच, की तिचे उच्चार निर्मळ होते, धुतलेल्या काचेसारखे. ब्लूमा मनात म्हणाली, पोरगी चांगली आहे या कामात. तोंडाने म्हणाली, "श्वास मोठा घेतेस. तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल."

रविवारी सकाळी हॉलवर मंडळाच्या बायका पावाला लोणी लावत होत्या, हेरिंग मासे कापत होत्या. पेटीत वर्षानुवर्षं झाडू ठेवत असत. पोमरान्झने ते काढून आत एक स्टूल आणि छोटा दिवा ठेवला होता. लीबेने कोट खिळ्याला अडकवला आणि नक्कल काखेत धरून ती आत उतरायला वाकली. ब्लूमाला ते दिसलं. कोट काढलेला दिसला.

तेवढ्यात पोमरान्झ मोठ्याने म्हणाला, "बायांनो, ही कोण ओळखलंत का? हीच ती! समुद्रात 'श' पाडलेली! मादाम, सांगा ना यांना, तुमच्या तोंडून ऐकू द्या!"

बायकांनी सुऱ्या खाली ठेवल्या. खुर्च्या वळल्या. दहा-बारा चेहरे तिच्याकडे, आधीच हसायला तयार. ब्लूमा म्हणू शकली असती, नको आता. तिने तोंड उघडलं ते त्यासाठीच. पण चेहरे वळलेले असताना तिला आयुष्यात कधी नाही म्हणता आलं नव्हतं. शब्द आपोआप आले. एकही अडकला नाही. गोवर, रुमाल, कपाळावरचा हात, "सा, मामे, स्लोफ", आणि हात पसरून "बघा लोकहो!" बायका डोळे पुसत हसल्या.

हसणं ओसरल्यावर तिने पेटीकडे पाहिलं. तोंडाशी कुणी नव्हतं. नक्कल पेटीच्या काठावर नीट, कोपरे जुळवून ठेवलेली होती. खिळ्यावरचा कोट गेला होता.

ब्लूमाने कुणाला काही विचारलं नाही. ती आत गेली, तोंडाला रंग लावला, आंधळ्या म्हातारीची शाल घेतली.  पोमरान्झने दारातून डोकं घालून विचारलं, सगळं ठीक ना? ती म्हणाली, "मी कधी पेटीतून शब्द घेतलाय का, पोमरान्झ?"

"कधीच नाही, मादाम."

"मग जा, पडदा उघड."

हॉल भरला होता. सगळी तिच्याच वयाची माणसं, कोट मांडीवर घेऊन. कुणाची कानातली यंत्रं शिट्ट्या मारत होती, कुणी खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सोडत होतं, आणि बाकीचे त्यांना गप्प करत होते, "शा! शा!" पायदिव्यांच्या पलीकडे ब्लूमाला नुसता धूसर अंधार दिसत होता. मोतीबिंदूमुळे पेटीचं झाकणही तिला दिव्यांमधला एक काळा डाग वाटत होतं. आत कुणी आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता. नसणारच. तिने स्वतःच बघितलं होतं.

तरीही ती छान बोलली. हे खरं सांगायला हवं. रंगमंचावरची म्हातारी खाट चाचपत होती, मुलाच्या उशीचा वास घेत होती, आणि ब्लूमाला प्रत्येक वाक्य त्या त्या जागी भेटत गेलं. हॉलमधले कागद वाजायचे थांबले. रुमाल निघाले. ती शेवटाला आली, खाटेच्या कडेला बसली, रिकाम्या उशीवर हात ठेवला.

आणि पुढे काही नव्हतं.

तीन शब्द. ज्यांच्यावर सगळं नाटक उभं, ते तीन शब्द. सकाळी बायकांसमोर हसत हसत उधळले होते तेच. तिने हात उशीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. खिडकी नव्हती.

"शा," अंधारातून आलं.

कुणीतरी कुणाला तरी गप्प करतंय, तिला वाटलं. किंवा तिलाच. शा, गप बस, म्हातारे. ती गप्प राहिली.

"शा," पुन्हा. स्वच्छ, सुरेख, जवळून.  मला गप्प करतात? या हॉलमध्ये? तिने मान ताठ केली आणि आणखी घट्ट तोंड मिटलं. हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. शांतता आता रडणारी राहिली नव्हती, काळजी करणारी झाली होती. असं काळजीने कुणी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग खालून, फळ्यांच्या उंचीवरून, वाफेचा नळ गळावा तसं आलं:

"सा."

ब्लूमाचा हात उशीवर थांबला. जगात एकच माणूस तिला असा शब्द देत असे, आणि तिने तो कधी घेतला नव्हता. मेयर, ती मनात म्हणाली. मग त्या शब्दामागचा श्वास तिला ऐकू आला. मोठा श्वास, तिसऱ्या रांगेपर्यंत जाणारा. हा मेयर नव्हता.

पोर परत आली होती. कदाचित गेलीच नव्हती. कोट घालून त्या गारठलेल्या खोबणीत जाऊन बसली होती. स्वच्छ 'श' दिला, तो आईला लागू पडेना, हे तिच्या ध्यानात आलं. शाळेत ज्या 'स'ला ती पोरांच्या तोंडातून रोज हुसकून लावायची, बंद दारामागे आरशासमोर जो तिने स्वतःच्या जिभेवरून खरवडून काढला होता, तो तिने आत्ता बापाकडून परत मागून घेतला होता आणि फळीवर ठेवला होता. आईने घ्यावा म्हणून.

आता ब्लूमाला सगळं आठवलं. तिन्ही शब्द, व्होलिनचे, शुद्ध, 'श'सकट. ते जिभेवर तयार होते. तिला ते येत होते, जन्मभर येत होते.

"सा, बाळा," ती उशीला म्हणाली. "स्लोफ."

 मग पाचव्या-सहाव्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि एक म्हातारा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "अगं मादाम, लिटवाकीण कधीपासून झालीस?" अख्खी रांग हसली.

ब्लूमा उठली. शाल सावरली. आंधळी म्हातारी सरळ प्रेक्षकांकडे वळली आणि तिला आता सगळं दिसत असावं असं तिने त्या रांगेकडे पाहिलं. तिने हात पसरले नाहीत.

"आमच्या घरात," ती म्हणाली, "असंच म्हणतात."

आणि खाटेशी बसून तिने तेच शब्द पुन्हा म्हटले, सावकाश, एकेक 'स' वेगळा, जसे दागिने काढून ठेवतात तसे. या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाजूला एक म्हातारा उभा राहिला, मग दुसरा. लिथुआनियाकडचेच असावेत, कारण ते रडताना हसत होते. मग बाकीचे उठले. पडदा ओढायचा हे पोमरान्झ विसरला.

नंतर आत तो घाम पुसत आला. "मादाम, जबरदस्त! पण 'श' गेला कुठे तुमचा?"

"होता तिथेच आहे," ब्लूमा म्हणाली.

त्याच्या मागे लीबे उभी होती. कोटाला जळमटं, गुडघ्याला धूळ.  पोमरान्झ आयुष्यात पहिल्यांदाच न सांगता खोलीबाहेर गेला.

"चुकलीस तू, मामे," लीबे म्हणाली. यिडिशमध्ये म्हणाली.

"चुकले नाही. पेटीतून आला तसा घेतला."

"तू पेटीतून घेत नाहीस."

"एक घेतला." ब्लूमाने आरशाकडे तोंड करून गालावरचा रंग पुसायला सुरुवात केली. बोळा बराच वेळ एकाच गालावर फिरत राहिला. "सकाळी मी शब्द मोडला."

"हो."

"श्वास मोठा घेतेस तू. सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"आज बरं झालं घेतलास."

एवढंच. ज्यांना याहून जास्त हवं असेल त्यांना ब्लूमा झारेत्स्की माहीत नाही.

संध्याकाळी मंडळी कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात जमली. चहाचे ग्लास आले, बोर्श्ट म्हणजे बीटाचं सूप आलं, राईच्या पावाची टोपली आली. लीबे आईशेजारी बसली होती. कोट काढून खुर्चीच्या पाठीला टाकला होता. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या एका बाईची सकाळची गोष्ट हुकली होती. ती पुढे वाकून म्हणाली, "मादाम, ती 'श' समुद्रात पाडल्याची गोष्ट सांगा ना."

सगळे चेहरे वळले. हसायला तयार.

ब्लूमाने साखरेचा खडा दातातून काढून बशीत ठेवला. "ती गोष्ट माझ्याकडे नाही आता," ती म्हणाली. "ती हिची आहे. हिला वाटलं तर सांगेल. नाही वाटलं तर बोर्श्ट प्या."

लीबेने पाव हातात घेतला होता, तो खाली ठेवला. तिने आईकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती टेबलावरचे चुरे बोटाने गोळा करत बसली. मग बापाच्या त्या हळू, कोरड्या यिडिशमध्ये तिने सुरुवात केली. म्हणाली, "तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि कपड्यांच्या पेटाऱ्याला आतून कडी नव्हती..."

पलीकडे दोघेजण अजून बोर्श्टबद्दल बोलत होते. ब्लूमाने हात वर केला.

"सा," ती म्हणाली, आणि सगळं टेबल गप्प झालं.